चाळीस हिरवी मिनिटं

गजेंद्र मोहोळकर कामाच्या दिवशी जेमतेम वीस मिनिटं मराठी बोलायचा, तीही डब्याच्या वेळी. बाकी दिवसभर इंग्रजी, मेसमध्ये आणि बसमध्ये मोडकंतोडकं तमिळ, आणि तिरुवल्लिकेणी भागातल्या मॅन्शनमधल्या, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमधल्या, खोलीवर काहीच नाही. चार वर्षं झाली होती. भिंतींशी बोलायची वेळ अजून आली नव्हती, एवढंच.

ती वीस मिनिटं सुब्बारावांची. सुब्बाराव तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, वय पंचावन्न. त्यांची मराठी जुन्या कागदांतली, वर तमिळ हेल. पहिल्यांदा ऐकून गजेंद्रला हसू आवरेना. पण "जेवलास की, बा?" असं त्याला या शहरात दुसरं कुणी विचारत नव्हतं. विचारून ते थांबायचे नाहीत, आपला अर्धा दहीभात त्याच्या झाकणात वाढायचे. या माणसावर गजेंद्रचा जीव होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

तरमणी भागातल्या ज्या कंपनीत दोघं कामाला होते, तिथे सुब्बाराव देखरेखीच्या खोलीत बसायचे. औषध दुकानांच्या एका साखळीचं नेटवर्क त्यांच्या नजरेखाली. दोनशे दुकानं, स्क्रीनवर दोनशे ठिपके. चालू असलं की हिरवा, बंद पडलं की लाल. हा स्क्रीन कसा दिसावा ते ठरवणं हे गजेंद्रचं काम. पूर्वी प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरात एक वेळ असायची, या दुकानाची खबर शेवटची केव्हा आली त्याची. गजेंद्रला ती गर्दी खुपली. त्याने सगळ्या वेळा काढून टाकल्या. स्क्रीन आरशासारखा लख्ख झाला आणि मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या.

सुब्बारावांना एक जुनी खोड होती. दर अर्ध्या तासाने कुठल्यातरी दुकानाला फोन लावून ते विचारायचे, सगळं चालू आहे ना? ही खोड गजेंद्रनेच मोडली.

"काका, आता फोन कशाला? स्क्रीन सांगतोय की सगळं."

"तू सांगतोस की, सरि, बरं," म्हणत त्यांनी फोन बाजूला सारला. त्यांचा विश्वास स्क्रीनवर नव्हता, पोरावर होता.

एका मंगळवारी सकाळी अकराला दुकानांची खबर गोळा करणारा प्रोग्रामच अडकला. नवीन काही येईना, म्हणून स्क्रीनने शेवटचा रंग तसाच धरून ठेवला. हिरवा. नेमकी त्याच वेळी साठ दुकानांची नेटवर्कची लाइन गेली. चाळीस मिनिटं सुब्बाराव हिरव्या ठिपक्यांसमोर निवांत बसले होते आणि तिकडे बिलं होईनात, पेशंटांच्या नातेवाइकांच्या रांगा रस्त्यावर आल्या. ठिपक्यांखाली अकरावरच अडकलेल्या वेळा दिसल्या असत्या तर पाच-दहा मिनिटांत ध्यानात आलं असतं. ऑफिसात हे एकट्या गजेंद्रला कळलं होतं.

दुपारी चौकशी बसली. "ऑपरेटर झोपला होता काय?" मॅनेजर श्रीहरीने विचारलं.

सुब्बारावांनी गजेंद्रकडे पाहिलं. नजरेत तक्रार नव्हती. आता हा बोलेल, एवढा साधा भरवसा होता. वाक्य गजेंद्रच्या ओठांवर आलं होतं. पण याच स्क्रीनच्या जिवावर पुढच्या महिन्यात त्याची बढती व्हायची होती. तो मूग गिळून बसला. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहून मीटिंग आटोपली.

दोन दिवस सुब्बाराव डब्याला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गजेंद्रने श्रीहरीला मेल लिहिली. वेळा मी काढल्या, फोन मी बंद करायला लावले, चूक माझी. वरातीमागून घोडं! श्रीहरीचं उत्तर पाच मिनिटांत आलं: छान पकडलंस, पुढच्या आवृत्तीत वेळा परत घाल. सुब्बारावांबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांना केव्हाच शहराच्या टोकाला, आवडी या उपनगरात, कंपनीच्या केबलच्या गोदामावर धाडलं होतं.

शनिवारी दुपारी गजेंद्र आवडीला गेला. गोदामाच्या दाराशी नळावर सुब्बाराव डबा धूत होते.

"काका, चुकलं माझं. त्या दिवशीच बोलायला हवं होतं. आता मेलमध्ये सगळं लिहिलंय मी."

सुब्बारावांनी सगळं ऐकून घेतलं. डबा पुसून पिशवीत ठेवला. मग ऑफिसातल्या कुठल्याही साहेबाशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "नो प्रॉब्लेम, सर."

"काका, मराठीत बोला ना." गजेंद्र पुढे झाला. "रागवा, शिव्या द्या, पण मराठीत बोला."

सुब्बारावांनी घड्याळ पाहिलं.

"फोर-टेन ट्रेन इज देअर, सर," ते म्हणाले. "आफ्टर दॅट, टू मच क्राउड."