भाडं वाढवून मागणारे गार्डसाहेब

"भाऊ, भाडं वाढवा. मले बोलाले जमून नाही राहिलं."

चहाची कपबशी खाली ठेवून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून गार्डसाहेब हे म्हणत. जुनवानीच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको भाड्यानं राहत. मालगाडीवर गार्ड होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेबच म्हणायची. भाडेकरूंचे नाना नमुने तुम्हीही पाहिले असतील. पण भाडं वाढवून मागणारा भेटला असेल, तर मला जरूर सांगा.

पहिला अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हा माझ्या बायकोनं धोरण ठरवलं. "भाडं वाढवू नका. वाढवलं का माणसाचं तोंड उघडते." स्वस्तात राहणारा नळ गळतो म्हणून सांगायला येत नाही, हा तिचा सिद्धांत. मी तो उदारपणाच्या वेष्टणात गुंडाळून वर नेला. "गार्डसाहेब, यंदा वाढ नाही."

आभार राहिले बाजूला, ते गंभीर झाले.

"कावून? कमी भाड्यात माणूस मिंधा होते, भाऊ. पाचशे वाढवा."

"शंभर," मी म्हणालो.

"चारशे. त्याच्या खाली नाही."

मालक खाली ओढतोय आणि भाडेकरू वर, असा तो सौदा तीनशेवर मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गार्डसाहेब अंगणात हजर! आवाज थेट पलीकडच्या उतई गावापर्यंत जाईल असा. "तीनशे वाढले ना? मंग आता नळाचं बोलू."

मग रीतच पडली. एका वाढीत नळ, दुसरीत खिडकी. आमच्या घराची सगळी डागडुजी त्या माणसाच्या स्वाभिमानावर झाली.

पुढे ते रिटायर झाले. त्याच सुमारास त्यांच्या बायकोचं पाठीचं ऑपरेशन झालं. त्या वर्षी मी खरोखरच मनापासून म्हटलं, "वाढ नको." त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बरं." मला जिंकल्यासारखं वाटलं.

ते वर्ष फार शांत गेलं.

श्रावणात बायको त्यांच्या बायकोला भेटायला वर गेली. पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला, भिंतीकडेला बादली, पातेलं, परात. वरून टपटप चाललेली. त्या आजारी बाईच्या पायांवर प्लॅस्टिक पसरलेलं.

"सांगितलं कावून नाही?" माझी बायको ओरडलीच.

"कोणत्या तोंडानं सांगू, वहिनी?" गार्डसाहेब म्हणाले. " औंदा भाडं कुठं वाढलं?"

ती खाली आली ती डोळे पुसत. "भाडं वाढवा," मला म्हणाली.

"अगं, त्यांना झेपेल का?"

"पन्नास वाढवा. पण आत्ता वाढवा!"

मी चपलाही न घालता वर गेलो. "गार्डसाहेब, पन्नास वाढवतोय."

माणूस ताठ झाला. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि वर्षभराचं साचलेलं एका दमात बोलू लागला: गच्ची, स्विचबोर्ड, जिन्यातला दिवा, शिवाय "तुमची मोटर रात्रभर घुरघुरते, भाऊ, तिले पण बघा." मी खाली मान घालून ऐकत होतो. पलंगावर त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

दोघं आता मुलाकडे वर्ध्याला असतात. वर एक तरुण जोडपं आलंय. करार संपला, मी भाडं बरंच वाढवलं. फोनवरच उत्तर आलं, "ओके अंकल."

परवा बायको मुद्दाम वर जाऊन विचारून आली, काही बिघडलंय का म्हणून.

"काय म्हणाले?"

"नो प्रॉब्लम, आंटी," ती धपकन खुर्चीत बसली. "अशा लोकांशी भांडावं तरी कसं?"