कुलपातले धवले

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. सहीपलीकडे कोणी फारसं काही लिहिलेलंही नाही. त्यामुळे स्वतःबद्दल एवढं लिहायला बसताना आगाऊपणा होतोय असं वाटतं. वाचणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावं. हे लिहितोय कारण त्या दोन दिवसांची भीती अजून पूर्ण गेलेली नाही.

माझी आत्या धवलारीण. आमच्या उरणकडच्या गावांत हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. आत्याला शेकडो ओळी पाठ. शाळेत ती कधी गेली नाही, तिचं बालपण मिठागरात मीठ वाहण्यात गेलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तिचे धवले रेकॉर्ड करायचं ठरवलं. मला वाटलं, घरी बसवून एका दुपारी काम उरकेल. ती माझ्यावर डाफरली. "हलद न्हाय, मांडव न्हाय, नि धवला बोलू? येड लागलंय काय तुला?" मग मी लग्नसराईभर मोबाइल घेऊन तिच्या मागे मांडवामांडवात फिरलो. मोबाइलची जागा भरली की सगळं लॅपटॉपवर टाकायचो आणि मोबाइलवरचं पुसायचो.

पावसाळ्यानंतर तिचा आवाज बसला तो सुटेचना. मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर ती जगेल, पण आवाज कायमचा जाईल. आत्या ऐकेना. सगळे समजावून थकले. एका संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"तुझ्या त्या डब्यात माझं सगलं धवलं हायत ना?"

"हायत, आत्या."

"मंग कापू दे त्यांना."

तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी आमच्या चुलत्यांच्या घरी हळद होती. आत्या मुंबईला गेलेली, धवले म्हणायला कोणी नव्हतं, आणि डीजेवाल्याचा लॅपटॉपही ऐन वेळी बंद पडला. भावंडं माझा मागायला आली. मी जरा अडखळलो तर मोठा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "येवढा शिकला, नि घरच्या हलदीला लॅपटॉप देत न्हाय. साहेब झाला!" आमच्याकडे हळदीला नाही म्हणणं म्हणजे वर्षभर बोलणी खाणं. मी दिला. पण माझा पासवर्ड भावंडांना माहीत होता, म्हणून डीजेवाल्याला वेगळं खातं उघडून दिलं आणि कोणी काही पुसेल या भीतीनं मांडवातच उभ्या उभ्या माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला. मागून कोणी गालाला हळद फासत होतं, कोणी हात ओढत होतं. काहीतरी अवघड टाकलं एवढंच आठवतं.

सकाळी लॅपटॉप परत आला, झाकणावर पिवळी बोटं उमटलेली. पासवर्ड आठवेना. मी घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस, गाडीचा नंबर, नवरीचं नाव, जे सुचेल ते टाकत गेलो. शेवटी पडदा निळा झाला आणि मशीन भलामोठा आकडा मागू लागलं. असला आकडा मला कोणी कधी दिलेला नव्हता.

ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला होता, तिथे धावलो. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारतो भाई. एकदम नवीनसारखा."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं. का, गर्लफ्रेंडचे फोटो आहेत काय?"

"आत्याचा आवाज आहे," मी म्हटलं.

मग त्यानं खुर्ची दिली. लॅपटॉप घेताना खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर उघडलं, असं विचारलं. बाबांच्या. तो आकडा त्या खात्यात जपलेला असतो, पण खातं उघडायचं तर बाबांच्या फोनवर ओटीपी जाणार.

बाबा ट्रेलर चालवतात. बंदरातून कंटेनर घेऊन ते गुजरातच्या पुढे गेले होते, फोन बंद. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. आतेबहीण आत्याजवळ होती. मी तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. खरं सांगितलं तर आत्या ऑपरेशनला नाही म्हणेल आणि जिवानिशी जाईल. नाही सांगितलं तर माझ्या भरवशावर गळा कापून घेईल, आणि माझ्याकडे काहीच नसेल. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर बसलो होतो. बऱ्याच वेळानं बाबांचा फोन लागला.

"बाबा, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल. तो मला सांगा."

"न्हाय."

"बाबा, मी बोलतोय!"

"आवाज तर माझ्या पोराचाच हाय. पन आता आवाजाची बी नक्कल करतात. त्यानंच मला बोललंय, मी मागला तरी द्यायचा न्हाय."

"अहो, उशीर झाला तर तो वाया जाईल!"

"बघ, घाई करतंय. घाई करनारा चोर असतो, ह्ये बी त्यानंच शिकवलंय."

मी रडकुंडीला आलो. "मग काहीतरी विचारा ना मला!"

मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "माझी बहीन माझ्या पोराला काय बोलून हाक मारते?"

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मी ते नाव सांगितलं. बाबांना ऐकू गेलं नाही, म्हणून ओरडून सांगितलं. सगळे हसले. ते नाव मी इथे लिहीत नाही.

"आता कसं! मंग रडतं कशाला, बाला?" तोवर पहिला ओटीपी वाया गेला होता. दुसरा त्यांनी एकेक आकडा थांबत थांबत वाचला.

खातं उघडलं. दुकानदार तो लांबलचक आकडा मोबाइलवर वाचत होता, मी टाइप करत होतो. एक आकडा चुकला, परत पहिल्यापासून. मग पडदा उजळला. नवीन पासवर्ड ठेवल्यावर फोल्डर दिसलं. मी एक फाइल लावली. आधी मांडवातला गलका, कोणीतरी चहा मागतंय, मग आत्याचं खाकरणं. तिनं सूर लावताच मी बंद केलं. मांडव नसताना ऐकायचा धीर होईना.

दुपारी आतेबहिणीचा फोन आला.

"झालं ऑपरेशन. आय शुद्धीवर आली. आवाज गेला, डॉक्टर बोल्ले व्हते तसाच. पन मघापासून एकच इशारा करते. गल्यावर हात ठेवते नि माझ्या फोनाकडं बोट दाखवते. तुला काय कलतंय का?"

"कळतंय. तिला सांग, सगळे हायत."

तिनं फोन न ठेवता आईला सांगितलं. मी कान लावून होतो. पलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं.

"सांगितलं," आतेबहीण परत फोनवर आली. "डोले मिटलं तिनं. झोपली आता."