घोंगडीवरचं वर्तुळ

दिवस मावळला की यजमान घरातल्या घरात ठेचकाळायचे. लग्नानंतरची काही वर्षं मी ते धांदरटपणाच्या खात्यात टाकलं. मग एका संध्याकाळी शेतातून येताना ते आमच्याच सोडून ठेवलेल्या बैलगाडीवर जाऊन आदळले. कपाळ फुटलं. जखमेवर हळद दाबून धरताना मी ठरवलं की आता तर्क पुरे, हे तपासून घ्यायचं.

आमच्या अनसिंगात रातांधळ्यावर औषध सांगणारे घरोघरी होते. मी सगळ्यांचं ऐकलं आणि एकेक उपाय करून संपवला. शेवग्याचा पाला झाला, गाजरं झाली. आमच्या घरात मटण चालत नाही, तरी गोठ्यामागे वेगळी चूल मांडून बोकडाची कलेजीही झाली. फरक पडला नाही. उलट आता भर दुपारीसुद्धा बाजूनं कोणी आलं तर त्यांना कळायचं नाही. समोरची सुई मात्र ते माझ्याआधी ओवून द्यायचे. हे गणित मला काही केल्या सुटत नव्हतं.

घाई होती ती शेतामुळे. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, शेजारचंच वावर वाहायचे. वाटण्या झालेल्या होत्या, पण जाणं-येणं होतं. कपाळाची पट्टी पाहायला म्हणून ते आले आणि ओसरीवर बसून मुद्द्यावर आले.

"ऐक माहं. वावर मले बटईनं दे. अर्धं पीक तुह्या घरात येईन. घरचं घरात राह्यते."

"काहून? डोये अजून गेले नाही माहे," यजमान म्हणाले.

"गाडीले धडकला तवा काय डोये मिटून चालला होता?"

मी दाराआडून ऐकत होते. भासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती. त्यांच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही, भावाची काळजी त्यांना होतीच. पण एकदा बटईनं गेलेलं वावर परत आपल्या हातात घेणं किती अवघड असतं ते मी माहेरी पाहिलं होतं. मला एवढंच हवं होतं की डोळे किती गेले आणि किती वेगानं जाताहेत, हे कोणीतरी नीट पाहून सांगावं. मग शेत द्यायचं की ठेवायचं ते ठरवू. यजमानांनी गुढीपाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

वाशिमच्या दवाखान्यात अधूनमधून अकोल्याहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे. मला यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. भाकरी, सतरंजी, बैलांची पेंड आणि विचारायचे प्रश्न असं सगळं मांडून, गाडी हाकायला गडी घेऊन आम्ही निघालो.

डॉक्टरांनी यजमानांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं. मग खिडक्या लावून घेतल्या, यजमानांच्या खांद्यामागे दिवा ठेवला, मधोमध भोक असलेला एक छोटा आरसा स्वतःच्या डोळ्याला लावला आणि यजमानांच्या डोळ्यापुढे एक भिंग धरलं. आरसा दिव्याचा उजेड बाहुलीतून आत टाकायचा आणि भोकातून डॉक्टर डोळ्याच्या तळाचा पडदा पाहायचे. पाहायचे, थांबायचे, आणि रंगीत पेन्सिलींनी कागदावरच्या गोलात तो पडदा काढायचे. पुन्हा पाहायचे, पुन्हा काढायचे. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत इतका वेळ मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

चित्र झालं. नारिंगी जमीन, तिच्यावर मेणासारखी फिकट टिकली, टिकलीतून निघालेल्या बारीक शिरा. आणि कडेकडेनं काळे डाग, पाय फुटलेले, मेलेल्या कोळ्यांसारखे.

"जिथे काळं दिसतं तिथला पडदा निकामी झाला," डॉक्टर म्हणाले. "हे कडेनं सुरू होतं आणि मध्याकडे सरकतं. अन्न कमी पडून होणारं रातांधळं वेगळं, ते बरं होतं. हे होत नाही."

"किती भरभर सरकते?" मी विचारलं.

"एका चित्रावरून नाही सांगता येत. पाडव्याआधी परत या. दुसरं चित्र काढू आणि शेजारी ठेवून पाहू."

मी आरशातून एकदा पाहू का म्हणून विचारलं. ते हसले, पण आरसा दिला आणि भिंग कसं धरायचं ते दाखवलं. आधी नुसताच तांबडा उजेड दिसला.

"दिसून राह्यलं का काही?" यजमान म्हणाले.

"तुमी हालू नका."

"माहं डोकं रिकामं आहे का भरेल, तेवढं पाहून घे."

"भरेल आहे. पन झाडझूड नाही केलेली."

डॉक्टर मोठ्यानं हसले, यजमानही हसले, आणि त्यांचा डोळा स्थिर झाला तेवढ्यात मला एक शीर दिसली, वेलाच्या तंतूसारखी. लगेच निसटली. कागदावरचं चित्र खरं आहे, हे मला तेव्हा पटलं.

निघताना डॉक्टरांनी घरी करायचं एक काम शिकवलं. भिंतीवर काळं कापड लावायचं, मधोमध ठिपका काढायचा. समोर बसून, एक डोळा झाकून, दुसऱ्यानं फक्त ठिपक्याकडे पाहायचं. दुसऱ्या माणसानं पांढरा पुंजका कडेकडून हळूहळू मध्याकडे आणायचा, आणि जिथे "दिसला" म्हणतील तिथे खूण करायची. खुणा जोडल्या की दृष्टीचं वर्तुळ तयार.

घरी मी काळी घोंगडी ठोकली, चुन्याचा ठिपका दिला, तुऱ्हाटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीच्या, टोकाला कापूस गुंडाळला. यजमान पाटावर बसले. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी मी काडी आणली, ते "दिसला" म्हणत गेले, मी खडूनं खुणा करत गेले. वर्तुळ चांगलं गाडीच्या चाकाएवढं निघालं. दर अमावास्येला करायचं ठरवलं आणि दर वेळी तेवढंच निघालं. यजमानांची छाती रुंदावली. भासरे आले तेव्हा यजमानांनी त्यांना घोंगडी दाखवली.

"आता घोंगडीवर डोये मोजते का तुही बायको?" भासरे म्हणाले. "मोजू दे. पाडव्याले सांगजो."

फाल्गुनात आम्ही पुन्हा वाशिमला गेलो. डॉक्टरांनी दुसरं चित्र काढलं, पहिलं शेजारी ठेवलं. मग मी घोंगडीवरचं वर्तुळ मापून उतरवलेला कागद पुढे केला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पडदा इतका खराब आणि वर्तुळ एवढं मोठं, हे जुळत नाही. माझ्यासमोर करून दाखवा."

त्यांच्याकडच्या काळ्या कापडावर मी काडी आणायला लागले. यजमान लगेच म्हणाले, "दिसला." डॉक्टरांनी काडी स्वतःच्या हातात घेतली. आता यजमान गप्प. काडी पार मध्याजवळ गेली तेव्हा कुठे म्हणाले. डॉक्टरांनी काडी खाली ठेवली आणि मला खुणेनं सांगितलं की रिकामा हात हलवा. मी कडेला नुसता हात हलवला.

"दिसला," यजमान म्हणाले.

माझ्या हातात मनगटापासून कोपराकडे भरलेला हिरव्या काचेच्या बांगड्यांचा चुडा होता. इतके दिवस काडी कुठे आहे ते त्या बांगड्याच वाजून सांगत होत्या.

"मले तर दिसलाच असं वाटलं," यजमान हळूच म्हणाले. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

सवाष्णीनं बांगड्या काढायच्या नसतात. मी चुडा वर सरकवला, त्यावर रुमाल घट्ट गुंडाळला आणि पुन्हा सगळं केलं. चाकाएवढं वर्तुळ भाकरीएवढं झालं.

"दोन चित्रांत मात्र फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "भरभर सरकतंय असं दिसत नाही. खात्री देत नाही. पण मधली नजर चांगली आहे, आणि मधली सगळ्यात शेवटी जाते."

परतताना यजमानांनी उपरणं डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढलं होतं, थेंबांमुळे ऊन सोसत नव्हतं. 

"भावाले सांगून टाकू, घे म्हना वावर," ते म्हणाले.

"सांगू. पन आधी मले सांगा, पेराले तिफन धरता तवा कुठं पाहाता?"

"कुठं म्हंजे? समोर."

"अन् तन काढाले डवरा धरता तवा?"

त्यांनी उपरणं जरा वर सरकवलं. "समोरच."

मग वाशिमपासून अनसिंगपर्यंत आम्ही शेतातलं एकेक काम घेतलं. भाकरीएवढ्या वर्तुळात जे मावतं ते त्यांचं. पेरणी, डवरणी, दिवसाउजेडी कापणी मावत होती. रस्त्यावर गाडी हाकणं, बाजाराची गर्दी, दिवेलागणीची कामं मावत नव्हती. ती गड्याकडे आणि माझ्याकडे. दिवस मावळायच्या आत ते घरी येतील, या अटीवर ते सगळ्यात जास्त भांडले. मी ती सोडली नाही.

पाडव्याला भासरे आले. यजमानांनी बांगड्यांची गोष्ट लपवली नाही, भाकरीएवढं वर्तुळ हातानं करून दाखवलं. भासऱ्यांना आधी हसू आलं, मग ते गंभीर झाले.

"मंग काय ठरलं?"

"वावर आमीच वाहू. मले समोरचं दिसते, तवर तास वाकडं नाही जानार."

"तास सरळ जाईन. अन् कापूस इकाले जिनावर कोन नेईन? त्या गर्दीत तू?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी दाराच्या आडूनच, पण भासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी नेईन."

 भासरे दाराकडे न पाहता भावालाच म्हणाले, "बाईमानूस जिनावर?"

"तिले भाव समजते," यजमान म्हणाले. "वजनात कोनी मारलं तर तेही समजते. मले तिथं नुसती धक्काबुक्कीच होईन."

भासऱ्यांनी पान लावलं, तंबाखू मळली. उठायला लागले तसे म्हणाले, "तिले सांग, जिनावर जाच्या दिवशी माहीबी गाडी संगं राहीन. एकटी निघू नको म्हना."

ते गेल्यावर यजमानांनी आत येऊन मला ते सगळं सांगितलं, जसं काही मी ऐकलंच नव्हतं. मी बरं म्हणाले.