वाडीला पेटी आली

सरकार मास्तरांना शिकवणं सोडून बाकी सगळं करायला लावतं, ही आमची रोजची तक्रार. पण खरं सांगू का, किस्से मिळतात ते त्या बाकीच्या कामांतूनच! जनगणना, सर्व्हे, इलेक्शन. वर्गात काय घडणार? मी, नाईक मास्तर आणि पाटीलबाई कर्नाटकातल्या जोयड्याहून, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाहून, एकाच जीपनं शाळेला जातो. तिघांच्या शाळा वेगळ्या, ड्युट्याही वेगळ्या. संध्याकाळी परत येताना ज्याच्याकडे जे साठलेलं असेल ते जीपमध्ये बाहेर पडतं.

गेल्या पंचायत इलेक्शनला मात्र तिघांचेही किस्से एकाच वाडीचे निघाले. माझी शाळा आहे तीच वाडी. नाव सांगत नाही. मी सरकारी माणूस, आणि नोकरी अजून तिथंच करायची आहे.

*

या वाडीत पंचायतीचं मतदान कधी झालंच नव्हतं. आमदार-खासदारांचं बूथ लांब, ओढ्यापलीकडच्या गावात, तिकडे फारसं कुणी जायचं नाही. गावकरकाका म्हणजे वाडीतले मुख्य. इलेक्शन जाहीर झालं की ते रानातल्या देवापुढे सगळ्यांना जमवायचे, पाषाणावर फूल लावायचे आणि एक नाव घेऊन कौल मागायचे. फूल उजवीकडे पडलं की तोच मेंबर. बाकी कुणी फॉर्म भरायचा नाही. बिनविरोध!

फूल दरवेळी उजवीकडेच पडायचं. यंदा काकांनी पुतण्याचं, दत्ताचं नाव घेतलं. फूल उजवीकडे पडलं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "काका, देवाला एकच नाव इचारलं तर देव दुसरं कुठनं सांगणार?"

ही सुनंदावैनी. आमच्या शाळेच्या कमिटीवर आहे. दुसऱ्या दिवशी ती जोयड्याला गेली आणि फॉर्म भरून आली.

*

यात माझा हात आहे असं काकांचं म्हणणं होतं. थोडा आहेही.

झालं असं, की मी सातवीला निवडणुका शिकवत होतो. पुस्तक बाजूला ठेवून जरा रंगात आलो. म्हटलं, युरोपात काही कम्युनिस्ट देश होते. तिथंही मतदान व्हायचं, लोक रांगेत उभे राहायचे, पण कागदावर नाव एकच! मग एक दिवस लोक रस्त्यावर आले, म्हणाले दुसरं नाव लिहा. किती वर्षं लागली, किती जण तुरुंगात गेले, वगैरे वगैरे. पोरं जांभया देत होती. कमिटीच्या मीटिंगसाठी लवकर आलेली सुनंदावैनी व्हरांड्यात बसून ऐकत होती. तास संपल्यावर म्हणाली,

"मास्तर, त्यास्नी रांग तरी होती. आमाला ती बी न्हाई की!"

*

आता पाटीलबाईंचा किस्सा. त्यांची ड्युटी फॉर्म घेण्याच्या टेबलावर. फॉर्म मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी जीपभर माणसं आली. पुढे गावकरकाका, मध्ये सुनंदावैनी, मागे चारपाच जाणती मंडळी. काका म्हणाले, "बाई, हिला फॉर्म काढून घ्यायचा हाय."

बाईंनी कागद काढला. कन्नडमध्ये वाचला, मराठीत समजावला आणि वैनीला विचारलं, "तुम्ही स्वतःच्या इच्छेनं माघार घेताय ना?"

वैनी म्हणाली, "न्हाई. ह्यांनी आणलंय मला."

बाईंनी पेनाचं टोपण बंद केलं. "मग हा कागद चालत नाही!"

जीप आली तशी परत गेली. जाताना वैनी पुढच्या सीटवर बसली होती म्हणे. हे बाईंनी पदरचं घातलेलं असणार.

पुढे दत्ताला चिन्ह मिळालं रिक्षा आणि वैनीला शिलाई मशीन. वाडीत रिक्षा जन्मात गेलेली नाही. जीपसुद्धा ओढ्याच्या अलीकडेच थांबते.

*

काकांनी मग शेवटचा उपाय काढला, देवापुढे शपथ. प्रत्येकानं नारळावर हात ठेवून सांगायचं, माझं मत दत्तालाच. पहिला हात त्यांनी स्वतःचा ठेवला. मागोमाग सगळ्या वाडीनं ठेवला. सुनंदावैनीच्या सासूनंसुद्धा!

या शपथेचा एक रिवाज आहे, तो सांगायला हवा. शपथ मोडली तर देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायची. देव माफ करतो, आणि कुठली शपथ, कधी मोडली, हे कुणी कुणाला विचारत नाही. वाडीतला येसू दर सोमवारी दारू सोडायची शपथ घेतो आणि दर मंगळवारी नारळ ठेवतो. पुजाऱ्याच्या घरची आमटी येसूवरच चालते.

त्या संध्याकाळी सुनंदावैनी शाळेजवळ भेटली. चेहरा उतरलेला. मी सरकारी माणूस, बाजू घेता येत नाही. तीच म्हणाली, "हरलो तर हरलो, मास्तर. पेटी तरी येऊ दे वाडीत."

*

पेटी घेऊन आले नाईक मास्तर. माझी ड्युटी तिकडे सुपा धरणाच्या बाजूला लागली होती, त्यांची माझ्याच शाळेत. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ओढ्यातून कमरेएवढ्या पाण्यात, पेटी डोक्यावर, आणि तोंडात इलेक्शनला शिव्या! पलीकडच्या काठावर सुनंदावैनी आणि चारपाच बायका उभ्या.

"हीच व्हय पेटी?"

"हीच."

"इतकी बारकी!"

नाईक मास्तर तसा कशानं हलणारा माणूस नाही. पण नंतर जीपमध्ये तो मला म्हणाला, "मला लाज वाटली रे. सकाळपासून नुसत्या शिव्या घालत होतो."

*

मतदानाला पहिला नंबर पारूआज्जीचा. वय विचारलं तर हसते. आज्जीनं कागद घेतला, आडोशाला जाऊन शिक्का मारला आणि उघडाच कागद घेऊन दाराकडे निघाली. नाईक मास्तर धावले.

"आज्जी, कुठं चाललीस?"

"गावकराला दावून येतो की."

दाराबाहेर बऱ्याच अंतरावर, फणसाखाली, काका बसलेले. मास्तरांनी समजावलं, "घडी घालून पेटीत टाकायचा. कुणाला दाखवायचा न्हाई."

"गावकराला बी न्हाई?"

"न्हाई."

"आणि देवाला?"

नाईक मास्तर म्हणाले, "देवालाबी न्हाई. रूल हाय!"

आज्जी जागच्या जागी थांबली. हातातल्या कागदाकडे बघत बराच विचार केला. मग कागद मास्तरांच्या हातात देत म्हणाली,

"मग हे चुकलं. दुसरा द्या!"

मास्तरांनी रूलबुक काढलं. चुकून बिघडलेला कागद रद्द करून दुसरा देता येतो. दिला. रांगेत मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी हे ऐकलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे शाळेला निघालो. मोजणी त्याच्या पुढच्या दिवशी, जोयड्यात. पेटी सील होऊन तिकडे गेलेली. ओढा ओलांडला की शाळेच्या वाटेवरच तो रानातला देव लागतो. मंगळवार नव्हता, सणही नव्हता.

देवापुढे नारळांचा ढीग पडला होता. पाषाणाच्या पायाशी जागा पुरली नव्हती, म्हणून खालच्या पायरीपर्यंत आले होते. मी मोजले नाहीत, सरकारी माणूस. पण निम्म्या वाडीचे तरी असतील. पुजारी डोक्याला हात लावून बसला होता. एवढी आमटी कोण खाणार?

मला हसू आलं. सुनंदावैनीला सांगायला जावं म्हणून वळलो, तर वाटेनं गावकरकाका येताना दिसले. एकटेच, खांद्यावर घोंगडी. म्हटलं आता काही खरं नाही. मी बाजूला झालो.

काका ढिगापुढे उभे राहिले. खालपासून वरपर्यंत बघितलं. पुजारी उठला, काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हातानंच गप्प केलं. मग घोंगडीच्या आतून एक नारळ काढला, शेवटच्या पायरीवर ठेवला, शेंडी देवाकडे केली, हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"मास्तर, उद्या मोजणीला जीप किती वाजता हाय?"