वाळवंटासाठी तीन कोटेशने

इलायस तुस्कानो बहारीनमधील एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी विभागात काम करतात आणि तीन कोटेशने हाती आल्याखेरीज कोणताही निर्णय घेत नाहीत. हॉटेलात हा नियम व्यवस्थापनाने घालून दिला आहे. घरात तो त्यांनी आपण होऊन लागू केला. मुहर्रकमध्ये, विमानतळाला लागून असलेल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये येणारी प्रत्येक गोष्ट या चाळणीतून गेलेली आहे: कुकरची शिटी, दातांचा डॉक्टर, मुलीची गणिताची शिकवणी. त्यांच्या पत्नी बेनिटा एका रुग्णालयात परिचारिका आहेत. लग्न ठरण्यापूर्वी इलायस दोन मुली पाहून आले होते आणि आपण तिसऱ्या, असे त्या सांगतात. इलायस हे विधान दुरुस्त करतात. त्यांच्या म्हणण्यानुसार पसंती सुरुवातीपासून बेनिटा यांनाच होती. बाकी दोन घरी ते केवळ नियमाची पूर्तता म्हणून गेले होते. या खुलाशाने बेनिटा यांचे समाधान झाल्याचा पुरावा मला मिळालेला नाही.

त्यांची मुलगी ग्लोरिया ईसा टाउनमधल्या भारतीय शाळेत बारावीला होती. परीक्षा संपली की ती कॅनडाला शिकायला जाणार, हे ठरलेले होते. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मावसबहिणीने तिला एका स्टेट पार्कचे फोटो पाठवले. त्यांत झऱ्याकाठचा तंबू होता, शेकोटी होती, झाडीत शिरणारी पायवाट होती. ग्लोरियाने ते वडिलांना दाखवले आणि म्हणाली, "वन नाइट इन अ टेंट, डॅडी. वन हिल. मी जायच्या आधी."

मागणी अवाजवी नव्हती. अडचण एवढीच होती की बहारीनमध्ये माणसाला उघड्यावर झोपावेसे वाटेल असे दिवस आणि हॉटेलच्या गर्दीचे दिवस नेमके तेच असतात. त्यामुळे मुलीच्या जन्मापासून आजवर इलायस तिला घेऊन एकाही थंडीत कुठे गेलेले नव्हते. दर वर्षी ते पुढच्या वर्षाचे आश्वासन देत. आता पुढचे वर्ष कॅनडात जाणार होते. इलायस यांनी जानेवारीत रजा मागितली, तेव्हा वरिष्ठांनी आधी त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि मगच सही केली.

ग्लोरियाने एक अट घातली होती. तिची वर्गमैत्रीण बिल्किस त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि तिच्या घरचे दर हिवाळ्यात तंबू ठोकतात. "परीक्षेआधी माझा एकच वीकेंड मोकळा आहे, महिनाअखेरचा," ग्लोरियाने बजावले. "त्याच्या आधीच्या वेन्सडेपर्यंत तुमची जागा ठरली नाही, तर मी बिल्किसबरोबर जाणार." म्हणजे इलायस यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता. मुलीबरोबर घालवायची एकुलती एक सुट्टी त्यांना मिळणार, की ती शब्बीर यांच्या पदरात पडणार?

शब्बीर हे बिल्किसचे वडील. मूळचे हर्णैचे, विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात आहेत. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढण्याचा प्रयत्न केला.

"इलायसभाई, कशाला डोकं पिकवताय? आमच्या खैम्यात या. बायका-मुली एका बाजूला, आपण एका बाजूला, मध्ये बिर्याणी. यल्ला, खलास!"

"पण जागेची पाहणी करावी लागेल."

"वाळू आहे हो ती! काय बघणार तुम्ही? तिची एक्सपायरी डेट?"

"बरं, तुमचं हे एक कोटेशन धरतो," इलायस म्हणाले.

"काय धरता?" शब्बीर यांनी विचारले, परंतु इलायस तोवर वरच्या मजल्यावर पोहोचले होते.

देशाच्या दक्षिणेकडील साखीरच्या वाळवंटात थंडीत तंबूंची वस्ती उभी राहते. तिला निसर्गसान्निध्य म्हणायचे की नाही, यावर मतभेद संभवतात. तंबूंत गालिचे असतात, सोफे असतात, भिंतभर टीव्ही असतो आणि तो चालवण्यासाठी अखंड घुरघुरणारा जनरेटर असतो. घरापासून दूर जाण्यासाठी लोक घरातील सर्व वस्तू बरोबर आणतात. तंबूचा पडदा मात्र दिवसभर उघडा राहतो, आणि समोरून जाणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याला आत बोलावून कहवा पाजला जातो. इलायस यांनी या प्रथेची नोंद 'अनोळखी व्यक्तींचा उपद्रव' अशी करून घेतली.

कारण त्यांच्याकडे आता निकष होते. स्टेट पार्कची निवड कशी करावी, हे सांगणारे एक अमेरिकन संकेतस्थळ त्यांना सापडले होते, आणि त्यातील प्रश्नावली त्यांनी जशीच्या तशी साखीरला लावली. हा तक्ता मी पाहिला आहे, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवते. पिण्यायोग्य झरा: तिन्ही ठिकाणी नाही. नौकाविहार: नाही. पायवाटेवरील निसरड्या शेवाळाचा धोका: नाही, म्हणून पूर्ण गुण. अन्न अस्वलांपासून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था: अस्वले नसल्यामुळे समाधानकारक.

पहिले कोटेशन शब्बीर यांचे. त्यांचा तंबू एका बहारीनी सहकाऱ्याच्या तंबूशेजारी, टेकड्यांच्या पायथ्याजवळ, भर वस्तीत होता. शांतता या रकान्यात त्याला शून्य मिळाले. दुसरे कोटेशन त्या प्रसिद्ध एकांड्या झाडाचे, जे वाळवंटात पाण्याविना कसे जगते हे पाहायला पर्यटक येतात. त्याच्याजवळ तंबू ठोकू देत नाहीत, हे इलायस यांना चांगले ठाऊक होते. तरीही सावली या रकान्यात कोणाला तरी गुण मिळायला हवेत, म्हणून झाडाला स्पर्धेत ठेवण्यात आले. राहिले तिसरे. त्याच्या शोधात इलायस सलग तीन शुक्रवार ऑफिसचे बूट घालून वाळवंटात फिरले, आणि मंगळवारी संध्याकाळी, कामावरून परस्पर जाऊन, त्यांना ते सापडले.

सपाट, घट्ट जमीन. डांबरी रस्ता जवळ. मोबाइलला रेंज. टेकडी समोर. आणि चहूकडे नजर जाईल तिथवर एकही तंबू नाही. एवढेच नव्हे, तर कोणीतरी एका ओळीत ठराविक अंतरावर पिवळे खांब रोवून ठेवले होते. खांबांवर अरबीत काही लिहिले होते. रंग उडालेला होता. इलायस यांनी 'आखणी' या रकान्यात लिहिले: आधीच झालेली आहे.

बुधवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी निकाल जाहीर केला. मुदत पाळली गेली होती.

"एवढी चांगली जागा, आणि रिकामी का?" बेनिटा यांनी विचारले.

"म्हणूनच तर चांगली."

"बाजारात संध्याकाळपर्यंत ताजं पापलेट उरलेलं दिसलं, तर तू घेशील का?"

"वाळू शिळी होत नाही, बेनिटा."

"वास तर येतोय मला," त्या म्हणाल्या. परंतु ग्लोरियाने उठून वडिलांच्या गळ्यात हात टाकले होते, त्यामुळे बेनिटा यांचा आक्षेप चर्चेला आला नाही.

शुक्रवारी दुपारी तंबू उभा राहिला. तो तीन दुकाने फिरून घेतलेला होता, त्यामुळे त्याच्याबरोबर आलेले सूचनापत्रक बाजूला ठेवण्यात आले. एक दोर कमी पडला, तेव्हा इलायस यांनी तंबूचा कोपरा सरळ एका पिवळ्या खांबाला बांधला, आणि 'पायाभूत सुविधा' म्हणून खांबाकडे बोट दाखवले. ग्लोरिया हसली. तिने चटई अंथरली, बूट काढून फेकले आणि आडवी होऊन आकाशाकडे पाहू लागली. बेनिटा यांनी शेगडी मांडून चहाचे आधण ठेवले. त्या तासाभराबद्दल तिघांचीही साक्ष एकसारखी आहे: फार बरे वाटत होते. अशी एकवाक्यता या कुटुंबात अन्यत्र आढळत नाही.

चहा ओतला जात असताना गस्तीची जीप आली. तिच्यातून दोन गणवेशधारी उतरले. त्यांनी सलाम केला, प्रकृती विचारली, तंबूकडे पाहिले, दोराकडे पाहिले, मग खांबाकडे पाहिले.

"मफी खैमा हिनी," त्यांतला वयाने मोठा माणूस म्हणाला. इथे तंबू नाही. मग पायाने वाळूवर टकटक करून त्याने हिंदीत समजावले, "इधर नीचे पाइप है, सदीक, मेरे दोस्त. तेल का पाइप. ये खंबा, पाइप का खंबा."

बेनिटा यांनी शेगडीकडे पाहिले आणि ती विझवली. परिचारिका असल्यामुळे कोणत्या क्षणी बोलू नये, हे त्यांना कळते.

इलायस यांनी, स्वभावानुसार, खांबांवरील सूचना वाचण्याजोगी नाही ही त्रुटी निदर्शनास आणून दिली. त्या माणसाने ती मान्य केली. मग त्याने स्वतःच वाकून खांबाचा दोर सोडला, आणि त्याच्या तरुण सहकाऱ्याने तंबू गुंडाळायला हात लावला. जाताना त्यांनी उरलेला चहाही घेतला, कारण बेनिटा यांनी तो आग्रहाने दिला.

जीप गेल्यावर तिघे गुंडाळलेल्या तंबूभोवती उभे राहिले.

"घरी जाऊ," इलायस म्हणाले. "मी रजा पुढं ढकलतो. पुढच्या शुक्रवारी नीट..."

"देअर इज नो नेक्स्ट फ्रायडे, डॅडी."

ती चिडली नव्हती. ती बुटांतली वाळू झटकत होती.

थोड्या वेळात एक पिकअप धूळ उडवत आली. ग्लोरियाने बिल्किसला निरोप धाडला होता. शब्बीर खाली उतरले, त्यांनी पिवळे खांब पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दडपायला त्यांना मिशीवरून बराच वेळ हात फिरवावा लागला.

"चला," ते म्हणाले. "सामान टाका गाडीत."

"नको, शब्बीरभाई. आम्ही घरी..."

"इलायस," बेनिटा म्हणाल्या, "मी कालची नाइट ड्यूटी करून आलेय. मला चहा पाहिजे, आणि तो तेलाच्या पाइपवर नको. मी चालले. तू तुझं काय ते ठरव." आणि त्या पिकअपमध्ये जाऊन बसल्या.

ग्लोरिया मात्र चढली नाही. ती दाराशी थांबून वडिलांकडे पाहत राहिली. बिल्किसचा तंबू तिला आयता मिळाला होता. तरीही ती थांबली. इलायस यांनी तंबूचे बोचके उचलले, आपल्या गाडीत टाकले, आणि वाळवंटात आल्यापासून पहिल्यांदाच कोणतेही कारण न देता म्हणाले, "बस. जाऊ त्यांच्या मागं."

शब्बीर यांच्या तंबूत गालिचे होते, सोफा होता, टीव्ही होता. जनरेटर घुरघुरत होता. शेजारच्या तंबूतून बहारीनी सहकारी कहव्याची किटली घेऊन आले. पिवळ्या खांबांची हकीकत त्यांना कोणी सांगितली, हे निश्चित करता येत नाही. इलायस यांचा संशय बिल्किसवर आहे. त्यानंतर तंबूसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावण्यात आले, आणि प्रत्येकाला ती हकीकत नव्याने सांगण्यात आली. कहव्याच्या तिसऱ्या फेरीला ती सांगण्याचे काम खुद्द इलायस यांनी आपल्याकडे घेतले. इतर लोक तपशिलात चुका करीत होते, असे त्याचे कारण ते देतात.

"आमच्या या जागेला किती मार्क दिले होते, इलायसभाई?" बिर्याणीच्या पातेल्यावरचे झाकण काढत शब्बीर यांनी विचारले.

"सर्वांत कमी."

"मग तुम्हाला जरा बेतानंच वाढतो." आणि त्यांनी ताटात शीग लागेल एवढे वाढले.

जेवताना इलायस हसले, बोलले. पण त्यांची नजर मधल्या पडद्याच्या पलीकडे होती, जिथून मुलींचे हसणे ऐकू येत होते. तंबू मिळाला होता, पण तो शब्बीर यांचा होता. टेकडी उरली होती. मुलींचे सकाळी टेकडीवर जायचे ठरले आहे, एवढे त्यांना कळले होते. त्या ठरावात आपण आहोत की नाही, हे त्यांनी विचारले नाही. बेनिटा म्हणतात, विचारायचे धाडस झाले नाही. इलायस म्हणतात, ते झोपी गेले.

उजाडताना पुरुषांच्या बाजूचा पडदा हलला. "कमिंग, ऑर वॉट?" बाहेरून ग्लोरिया म्हणाली.

इलायस ऑफिसचे बूट घालूनच निघाले, कारण दुसरे आणलेले नव्हते. या देशातील सर्वांत उंच जागा दीडशे मीटरही भरत नाही, आणि मुली जिच्यावर निघाल्या होत्या ती टेकडी तर तिच्याही अंगाखांद्यावरची. तुंगारेश्वरच्या डोंगराकडे पाहत वाढलेल्या वसईच्या माणसाने तिला टेकडी तरी का म्हणावे, हा प्रश्न मी विचारला होता. इलायस यांनी तो ऐकला नसल्याचे दाखवले. पाण्याच्या बाटल्यांची पिशवी त्यांच्या खांद्यावर देण्यात आली होती. मुलींना पुढे राहून वाट दाखवावी, असा त्यांचा मानस होता. परंतु पहिल्याच चढावर मुली पुढे गेल्या आणि पुढेच राहिल्या. त्या परीक्षेबद्दल, कॅनडातल्या खोल्यांबद्दल, वर्गातल्या कुणा मुलाबद्दल अखंड बोलत होत्या. मागे कोणी आहे, याची दखल त्यांच्या संभाषणात कुठे आढळली नाही.

वरच्या टप्प्यावर खडक मोकळे होते आणि बुटांचे तळवे गुळगुळीत. इलायस दोनदा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी एका दगडाला धरले आणि तिथेच थांबले.

ग्लोरियाने वळून पाहिले नाही. तिचे बिल्किसशी बोलणे चालूच होते. बोलता बोलता तिने नुसता मागे हात केला.

इलायस यांनी पिशवीतून बाटली काढली आणि त्या हातात दिली. ग्लोरियाने ती बिल्किसकडे दिली, वाक्य पुरे केले, आणि हात पुन्हा मागे केला. दुसरी बाटली तिने घेतली नाही. हात तसाच धरून ठेवला.