सईला सांडोरला चहाला नेलं तेव्हा

लोक निवृत्तीनंतर युरोपला जातात. मी गोखिवऱ्याहून सांडोरला गेले, तेही रिक्षानं, सोबत साडेपाच वर्षांची नात घेऊन. अंतर म्हणाल तर वसईच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, फार तर अर्ध्या तासाचं. पण काश्मीर, केरळ पालथं घातलं तेव्हाही निघताना मी एवढी धास्तावले नव्हते.

कारण सांगते. सईच्या शाळेचं स्नेहसंमेलन आठवड्यावर आलं होतं आणि त्यात ती परी होणार होती. महिनाभर आमच्या हॉलमध्ये गिरक्या घेऊन तिनं खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप उडवली. मग एका सोमवारी शाळेतून आली ती "मला नाचायचं नाही" म्हणतच. का, ते सांगेना. आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, मानसीनं, गोंजारून विचारलं, बाबांनी दरडावून विचारलं. बाईसाहेब ढिम्म. शेवटी मी म्हटलं, हिला घरापासून जरा लांब न्यावं, चांगलंचुंगलं खायला घालावं आणि गोडीगुलाबीनं काढून घ्यावं. सांडोरला केळीच्या वाडीत एक लहानसं हॉटेल आहे आणि तिथे रविवारी दुपारी ‘खास चहा’ असतो, हे भिशीतल्या बायकांकडून कळलं होतं. मी फोन करून टेबल सांगून ठेवलं.

चार वाजता निघालो. रिक्षात बसल्या बसल्या सईनं माझी ओढणी ओढून स्वतःच्या तोंडावर घेतली. ऊन लागतं म्हणे. डिसेंबरचं उतरतं ऊन ते, कुणाला लागणार? पण म्हटलं, आज काही बोलायचं नाही, आज आपण गोड आजी.

पूल ओलांडून पश्चिमेला आलो आणि रिक्षावाल्यानं गाडी थांबवली. "रस्ता खनलाय पान्याच्या लायनीला," तो म्हणाला. "फिरून जावं लागंल, आजी." मग त्यानं आम्हाला अशा गल्ल्यांतून नेलं की माझी दिशाच हरवली. इथे राहून मला बावीस वर्षं झाली, पण स्टेशन, बाजार आणि बँक एवढीच माझी वसई. दोन्ही बाजूंना केळी, वालाचे मांडव, अळूचे वाफे, मधेच एखादी विहीर. गल्लीच्या तोंडाशी पांढरा क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. एका अंगणात बदकं दिसली तेव्हा ओढणीतून एक डोळा बाहेर आला आणि लगेच आत गेला. रिक्षावाला दोनदा चुकला, दोनदा मागे फिरला, आणि आम्ही पोचलो तेव्हा माझ्या कमरेचे टाके ढिले झाले होते.

हॉटेल म्हणजे एका जुन्या घराची रुंद ओसरी आणि तिच्यावर सहा टेबलं. मालकीणबाई पन्नाशीच्या, फुलाफुलांचा गाऊन, गळ्यात बारीक क्रूस. आमच्याशी अगदी शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलत होत्या, आणि आत स्वयंपाकघरात वळून गावच्या बोलीत काय सांगत होत्या त्यातलं मला निम्मंच कळलं. त्यांनी टेबलावर तीन मजली ताटली आणून ठेवली. खालच्या मजल्यावर सँडविचं, मधे केक, वर फुग्या (मैद्याचे तळलेले पोकळ गोळे). शेजारी बशीत सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी). किटलीला लोकरीचं टोपडं घातलं होतं. सईसाठी वेगळा चिमुकला कप, त्यात बहुतेक दूधच, गवती चहा घातलेलं आणि नावाला चहा. तिच्या वयाच्या मुलांना असाच देतो, बाई म्हणाल्या, घरी जाऊन आई ओरडणार नाही.

मला वाटलं, आता पोरगी खूश. घरी कायम आमच्या कपांकडे टक लावून बघणारी ती. पण सईनं दोन्ही हात टेबलाखाली घातले आणि मान हलवली. मी म्हटलं, अगं, आज परवानगी आहे. तरी मान नाहीच. मी चिडवलं, एवढ्या लांब काय केळी मोजायला आणलं होय तुला? तर तिचे डोळे भरून आले.

"मी बाबांच्या कपातला चोरून प्यायले," ती अगदी हळू म्हणाली. "तीनदा. म्हणून मी काळी झाले. परी काळी नसते."

परीचं शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, एवढं मी तिच्याकडून काढून घेतलं. चहाचं कुणी सांगितलं होतं, ते विचारायची मला गरज नव्हती. "चहा प्यायलीस की काळी होशील" हे माझंच वाक्य. ती कपाकडे हात न्यायची आणि मी हसत हसत म्हणायचे. कुणाच्या घरात म्हणत नाहीत? सईनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. माझा रंग म्हणजे तव्याच्या बुडाचा, तो लपण्यासारखा नाहीच.

"आजी, तू लहानपणी किती चहा प्यायलीस?"

मी हातातलं सँडविच बशीत ठेवलं. हे चहाचं मला माझ्या आत्यानं सांगितलं होतं. मोठी झाल्यावर ते खोटं आहे हे कळतही होतं. तरी माझं लग्न जमवायला लागले, त्या वर्षी मी चहा सोडला. बी.ए. झालेली, नोकरी करणारी बाई मी, आणि वर्षभर गुपचूप नुसतं दूध प्यायले. लाज वाटते सांगायला.

मी म्हटलं, "सई, मी खोटं बोलले. चहानं कुणी काळं होत नाही. तू चहा मागू नयेस म्हणून मी ते सांगितलं. तू जन्मलीस तीच माझा रंग घेऊन."

ती जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन मी मनात काय म्हटलं होतं, ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. अरे देवा, माझा रंग घेतला बिचारीनं, असं म्हटलं होतं.

"मग खोटं का बोललीस?"

"चुकलं माझं."

तिनं हात टेबलावर घेतला, माझ्या हाताला लावून ठेवला आणि बराच वेळ निरखून बघितलं. निकाल असा लागला की माझ्या हाताला सुरकुत्या फार आहेत. मग तिनं चिमुकला कप उचलून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कडू आहे म्हणाली आणि कप माझ्याकडे सरकवला. फुग्या मात्र चार खाल्ल्या. मालकीणबाईंनी निघताना आणखी दोन कागदात बांधून दिल्या.

परतीला रिक्षावाला सरळ रस्त्यानं घेऊन आला. सई वाटेत झोपली. तिला नाचणार का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दारात मात्र ती टक्क जागी झाली आणि चपला काढायच्या आधीच आईला बातमी दिली. "आजी खोटं बोलली होती. चहानं काही होत नाही. आपण अशाच आहोत, मी आणि आजी." मानसी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती. तोवर हॉलमध्ये गिरक्या सुरू झाल्या होत्या.

मी तशीच दाराशी उभी राहिले. आत्या जाऊन तीस वर्षं झाली. ते खोटं होतं असं मला कुणीच कधी सांगितलं नाही. त्रेसष्टाव्या वर्षी सांगितलं ते साडेपाच वर्षांच्या पोरीनं, आणि सांगताना ती ‘आपण’ म्हणाली.