एरंडेलाचा धूर

आईच्या गुडघ्यांना लावायला आज एरंडेल गरम केलं आणि त्या वासासरशी गिरणीमालकांची लाल गाडी आठवली. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बांधलेली, बिनटपाची, दोनच माणसांची. बाबा तिचे मेकॅनिक. अशा गाड्या जगात फार थोड्या उरल्यात, म्हणायचे. तिच्या इंजिनात एरंडेलच लागायचं. धुरालाही हाच वास.

गाडी विकली त्या दिवशी मालकांना विचारून बाबांनी आईला मोहोळच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणली. "थांबा की ओ, पदर खोचते," म्हणत ती बसली. परतली ती केस विस्कटलेली, हसत. बाबा मात्र कितीतरी वेळ बॉनेट पुसत राहिले.

बाबा जाऊन वर्षं झाली. आई आता कुणाला ओळखत नाही. तेलाची वाटी जवळ नेली, तशी दाराकडे बघत म्हणाली, "थांबा की ओ," आणि गाऊनवर पदर शोधायला लागली.